डोंगरपट्ट्यात हलक्या सरींची शक्यता

वैशाख अर्धा उलटला होता आणि शर्वाणी धुरी अंगावर शाल घेऊन कामाला बसली होती. किनाऱ्यावरच्या त्या छोट्या हवामान केंद्रात पंखे बंद होते, खिडक्या उघड्या होत्या आणि समुद्रावरून चक्क गार वारा येत होता. समोरच्या पडद्यावर यंत्राने उद्याचा अंदाज मांडून ठेवला होता.

'किनारपट्टीवर आकाश ढगाळ, हवा आल्हाददायक. डोंगरपट्ट्यात अधूनमधून हलक्या सरींची शक्यता. धोका: नाही.'

खाली तिच्या सहीसाठी रिकामी चौकट होती. महिनाभर ती याच मजकुराखाली सही करत होती आणि लोक तिला दुवा देत होते. बाजारात मासळीवाली तिच्या पिशवीत चार बांगडे जास्त टाकायची. जणू हा गारवा शर्वाणीनेच पाठवला होता.

लोकांचंही चुकत नव्हतं. त्याआधीचे उन्हाळे कुणी विसरलं नव्हतं. नुसता उकाडा असता तर कोकणाने तो सोसला असता. पण हवेत इतका दमटपणा साठायचा की घाम सुकायचाच नाही, आणि घाम सुकला नाही की शरीराला थंड व्हायला दुसरा मार्ग उरत नाही. सावलीत, पंख्याखाली बसलेली माणसं बसल्या जागी जायची. शर्वाणीचे वडील तसेच गेले, दुपारच्या जेवणानंतर, ओटीवर, हातात पाण्याचा तांब्या असताना.

मग समुद्रात शीतनौका आल्या. तिचा नवरा हेरंब त्यांपैकीच एकीवर अभियंता होता. किनाऱ्यापासून लांब, ओळीने उभ्या असलेल्या या नौका समुद्राचं पाणी ओढून घेत आणि डोळ्यांना दिसणार नाही इतक्या बारीक तुषारांत ते वर फेकत. तुषार सुकले की मिठाचे कण उरत आणि वाऱ्याबरोबर ढगांत जात. ढगातला प्रत्येक थेंब कुठल्यातरी कणाभोवतीच धरतो. कण वाढले की तेच पाणी अधिक थेंबांत वाटलं जातं, थेंब लहान होतात आणि ढग जास्त पांढरा दिसतो. पांढरा ढग ऊन परत आकाशात फेकतो, आणि खालचा समुद्र, किनारा, माणसं गार राहतात. एवढीच साधी कल्पना होती, आणि ती कामी आली होती.

थेंब लहान असले की ते समुद्रावर पडतही नाहीत. ढग आपलं पाणी घेऊन पुढे सरकतो, सह्याद्रीला अडतो, वर चढतो, आणि मग तिथे हळूहळू रिता होतो. हलक्या सरींत. त्यात घाबरण्यासारखं काही आहे असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

शर्वाणीच्या मनात ते आलं सासूबाईंच्या फोनमुळे.

"शर्वाणी, आयक गो!" मोरकोंडाहून आईंचा आवाज आनंदाने फुटत होता. "बावडी भरली! वैशाखात! हातान कळशी बुडवून घेतंय. आणि परसात झरो फुटलो हा. माझ्या जल्मात असा बघूक नाय."

शर्वाणीचा सही करायला उचललेला हात तसाच राहिला.

"पाणी कसं आहे, आई? नितळ आहे?"

"जरा तांबूस येता. येतला नितळ दोन दिवसांनी. तू उद्या येतलंस मां? गोरुल्यांच्या मैथिलीचा लगीन. मुंबयवाले सगळे इलेत. गारव्याचो गाव नुसतो भरान गेलो हा."

फोन ठेवल्यावर शर्वाणीने अंदाज बाजूला सारला आणि जमिनीचे आकडे उघडले.

मोरकोंड म्हणजे डोंगराच्या कुशीतली वाडी. मागे सरळ उठलेला उतार, पुढे नदी, नदीपलीकडे सडा, म्हणजे कातळाचं उघडं, सपाट माळरान. उतारावर वरती जांभा दगड आणि त्याखाली शेडी, म्हणजे पाणी लागलं की साबणासारखी निसरडी होणारी चिकणमाती. दरवर्षी वैशाखाच्या उन्हात ही सगळी जमीन खोलवर भाजून निघते, तिला भेगा पडतात, आणि त्या कोरड्या पोटात पावसाळ्याचं पहिलं पाणी मुरतं. या वर्षी जमीन भाजलीच नव्हती. रोज थोडं थोडं पाणी आत जात होतं आणि ते बाहेर काढणारं ऊन पडतच नव्हतं. मातीच्या कणांमधल्या फटींत जिथे हवा असायला हवी तिथे पाणी होतं, आणि ते पाणी आता कणांना एकमेकांपासून ढकलत होतं. उतारात पुरलेल्या नळ्या हा दाब मोजत. त्यांची आलेखावरची रेघ चैत्रापासून चढत होती. भर पावसाळ्यातही ती कधी इतकी वर गेली नव्हती.

तांबूस पाणी. म्हणजे आतून माती वाहून यायला लागली होती.

शर्वाणी उठली. ती तडक केंद्रप्रमुखांच्या खोलीत गेली.

केंद्रप्रमुख पाठारे सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. उन्हाळ्याच्या त्या वर्षांत त्यांनी स्वतः पाण्याचे टँकर घेऊन वाड्या पालथ्या घातल्या होत्या.

"पाऊस किती पडणार आहे उद्या?" त्यांनी विचारलं.

"नावालाच. पण सर, प्रश्न उद्याच्या पावसाचा नाहीये."

"यंत्र दरडीचा धोका पावसावरून ठरवतं, शर्वाणी. एवढ्या पावसाला ते हिरवाच रंग देणार."

"कारण असा ओला वैशाख त्याने कधी पाहिलेला नाही! त्याला शिकवलेल्या जुन्या नोंदींत हे कुठेच नाही. त्याला माहीत नाही म्हणून ते 'नाही' म्हणतं."

"आणि तुला माहीत आहे? नक्की? उद्या पडेल दरड?"

 उद्या, महिन्याने किंवा कधीच नाही. तो उतार कधी सुटेल हे कुणीच सांगू शकलं नसतं.

"नळ्या बिघडल्या असतील," पाठारे म्हणाले. "पुढच्या आठवड्यात माणूस पाठवून तपासून घेऊ. इतक्या छान हवेत लग्नाचं घर रिकामं करा म्हणून मी जिल्ह्याला कोणत्या तोंडाने सांगू?"

तिने हेरंबला फोन लावला. नौकेवरच्या पंपांच्या घरघरीतून त्याचा आवाज येत होता.

"फवारे थांबवायला सांगतेस?" तो म्हणाला. "थांबवले तर दोन दिवसांत इथला समुद्र तापायला लागेल. आणि जमीन त्याने लगेच वाळणार नाही. कडक उन्हाचे आठवडे लागतील. त्या उन्हात किती माणसं जातील, तुला मी सांगायला नको."

"मला माहीत आहे."

"मग मी काय करू?"

"आईंना तिथून काढ, हेरंब. माझं ऐकणार नाहीत त्या. मैथिलीला हळद त्यांच्याच हातून लागायची आहे."

थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. "हसली ती मला. म्हणाली, तुझी बायको कामान दमली असा, तिका चार दिस गावाक धाड." मग त्याने विचारलं, "शर्वाणी, तू खरंच घाबरली आहेस का गं?"

"हो," ती म्हणाली. "खूप."

सकाळी ती केंद्रात आली तेव्हा नळ्यांची रेघ आणखी वर गेली होती, आणि उतारावरची एक नळी काही सांगेनाशी झाली होती. बंद पडली असेल. किंवा वाकली असेल, आजूबाजूची जमीन सरकल्यामुळे.

पडद्यावर तोच अंदाज होता. 'धोका: नाही.'

कर्तव्यावरच्या अधिकाऱ्याला यंत्राचा अंदाज खोडून स्वतःचा लिहिता येत असे. तो अधिकार आजवर कुणी वापरला नव्हता. पण खरं लिहून उपयोग नव्हता. 'हलक्या सरी' या मजकुराला लाल रंग लावला असता तर प्रणालीने तो चूक म्हणून परत पाठवला असता. गावं रिकामी करणारा लाल इशारा फक्त मोठ्या पावसाला मिळे. शर्वाणीने चौदा वर्षांच्या नोकरीत एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. आता तिने लिहिलं. 'मोरकोंड परिसरात ढगफुटी. सोसाट्याचा वारा. डोंगरपायथ्याची घरं ताबडतोब रिकामी करावीत.' आणि सही केली.

बोट उचलण्याआधीच इशारा गेला होता. पाठारे सर यायच्या आत ती गाडी काढून घाटाकडे निघाली.

ती मोरकोंडाला पोचली तेव्हा भोंगा वाजत होता आणि आगारातून आलेल्या एसटी गाड्या नदीपलीकडच्या सड्यावर माणसं नेत होत्या. पिवळ्या मांडवाखाली पानं मांडलेली तशीच होती. नवरी मुंडावळ्या बांधून गाडीच्या खिडकीत रडत बसली होती. आईंनी गोठ्यातली गाय सोडून दिली होती आणि देवघरातला बाळकृष्ण पदरात घेतला होता. शर्वाणीला पाहून त्या म्हणाल्या, "वादळ खंय गो? वारो तर पडलेलो हा." शर्वाणीने त्यांचा दंड धरला आणि त्यांना गाडीत चढवलं. तिची नजर वर होती. मांडवामागे, उतारावर, जांभ्यात एक ताजी भेग दिसत होती. आतली माती ओली, गुलाबी होती.

सड्यावरच्या शाळेच्या सभागृहात सगळी वाडी मावली. मुंबईचे पाहुणे, वऱ्हाड, पोरंटोरं, म्हातारेकोतारे, सगळे वादळाची वाट पाहत दारात उभे होते. एक सर आली आणि गेली. ऊन पडलं. पलीकडे धुऊन काढल्यासारखा हिरवा डोंगर दिसत होता. वारा असा की अंगाला हात लावून जावा. मुहूर्त टळला. कुणीतरी हसलं. मग कुणी हसेना.

दुपार कलायच्या आत सगळ्यांचे फोन एकदम वाजले. पाठारे सरांनी इशारा मागे घेतला होता. 'तांत्रिक चुकीबद्दल दिलगीर आहोत. धोका: नाही.'

"चला!" नवरीचे वडील दाजी गोरुले ओरडले. मोरकोंडचे सरपंच, उंचेपुरे, सकाळपासून पागोटं न काढलेले. "संध्याकाळचा दुसरा मुहूर्त भटजींनी काढलाय. बाबल, तू पुढे हो, जेवणाकडे बघ."

दाजींचा धाकटा भाऊ बाबल मोटारसायकलवरून निघाला. शर्वाणी हात वर करून आडवी आली, तसा तो तिला वळसा घालून, "वहिनी, वादळ गेला!" म्हणत पुलाकडे उतरून गेला.

माणसं गाड्यांत चढू लागली. शर्वाणी सर्वांत पुढच्या गाडीच्या दारासमोर उभी राहिली.

"थांबा. माझं ऐका. वादळ येणार नव्हतं. तो इशारा मी लिहिला, खोटा लिहिला."

क्षणभर कुणाला काही समजलंच नाही.

"डोंगर येणार आहे," ती म्हणाली. "जमीन पाण्याने भरली आहे. तुमच्या विहिरी भरल्या त्या त्यामुळेच. खरं सांगितलं असतं तर या हवेत तुम्ही कुणी घर सोडलं नसतं."

दाजी तिच्या पुढ्यात आले.  "सूनबाई, माझ्या मुलीचं लग्न मोडलंस तू. सकाळी खोटं बोललीस म्हणतेस आणि आता खरं बोलतेस म्हणतेस. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

 तिच्याकडे आकडे होते, रेघा होत्या, पण त्या माणसांना त्यांचं काय? दाजी गाडीत चढले. त्यांच्यामागे पाहुणे चढले. ड्रायव्हर साटमांनी इंजिन चालू केलं.

शर्वाणीही चढली.

हे तिने ठरवलं नव्हतं. पुढच्याच बाकावर ती दाजींच्या शेजारी बसली. गाडी हलली की पूल, पुलापलीकडे पिवळा मांडव, मांडवाच्या वर उतारावर ती भेग.  समोरच्या दांडीला धरलेले तिचे हात थरथरत होते. तिने ते मांडीखाली दाबले तर खांदे थरथरू लागले. दात वाजत होते, तो आवाज तिला स्वतःला ऐकू येत होता.

"तू कशाला येतेस?" दाजींनी विचारलं.

"तुम्ही जाताय म्हणून," ती म्हणाली. 

आई गाडीच्या दाराशी आल्या होत्या. बाळकृष्ण अजून पदरातच होता. त्यांनी सुनेकडे निरखून पाहिलं. "शर्वाणी, तुका भय वाटता?"

तिने मान डोलावली.

"आणि तरी बसलंस?"

ड्रायव्हर साटम आरशातून बघत होते. त्यांनी चावी फिरवली. इंजिन बंद झालं, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या गाड्याही अडल्या.

"काय झालं?" दाजी ओरडले. "चल!"

"दाजी, मी नाय नेत," साटम म्हणाले. "ह्या बाईक बघा एकदा. ही नाटक नाय करत."

दाजी खाली उतरले, साटमांशी भांडले, फोनवर आगाराशी भांडले. बाबलला फोन लावला. तो पोचला होता, पानं पुसत होता. "रव थंयच, येतंव आमी," दाजी म्हणाले.

त्यांचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं. शर्वाणी काचेतून पाहत होती. पाऊस नव्हता, वाराही नव्हता. डोंगरावरचं एक फणसाचं झाड खाली सरकलं. पडलं नाही, उभंच्या उभं, फणसांसकट, जिना उतरावा तसं सरकलं. मग त्याच्या शेजारचं आंब्याचं. मग सगळा उतारच झाडांसकट चालायला लागला. काही क्षण हे सगळं मुकाट्याने होत होतं. आवाज नदी ओलांडून नंतर आला, आणि तो आला तेव्हा गाडीच्या काचा हादरल्या. पिवळा मांडव होता तिथे लाल चिखल होता. वाडी होती तिथेही. चिखल नदीत उतरला आणि पूल घेऊन गेला.

दाजींच्या कानाला फोन तसाच होता. "बाबल," ते म्हणत होते. "बाबल. अरे बाबल."

किती वेळ कुणी रडलं, कुणी मैथिलीला धरून ठेवलं, कुणी नदीकडे धावलं, ते शर्वाणीला नंतर आठवेना. हेरंबचा फोन आला तेव्हा तिने तो फक्त आईंच्या हातात दिला. तो पलीकडून नुसता "आई, आई" म्हणत राहिला. मग त्याने शर्वाणीला विचारलं, "आमची नौका बंद करू का?"  "थांबवलं तरी माणसं मरणार, चालू ठेवलं तरी," ती म्हणाली. तो म्हणाला, "बरं. कळलं."

संध्याकाळी पाठारे सरांचा फोन आला. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"शर्वाणी, मी सगळ्या उतारांवरच्या नळ्यांचे आकडे उघडून बसलोय. मोरकोंडासारख्या कितीतरी वाड्या आहेत. आणि यंत्र अजून 'धोका: नाही' म्हणतंय. त्यात हे लिहायला जागाच नाही गं. खोटं वादळ आता कुणी मानणार नाही. मी काय लिहू?"

ती सभागृहाच्या पायरीवर बसली. समोर लाल उतार संधिप्रकाशात चमकत होता.

"प्रणाली सोडून द्या, सर. रेडिओवरून तुम्ही स्वतः बोला. सांगा, पाऊस हलका आहे. हवा छान आहे. डोंगराखाली राहू नका."

पलीकडे लिहिल्याचा आवाज येत होता. "पुढे?"

"सांगा की मोरकोंड गेलं. आणि सांगा की आम्हांला भीती वाटते आहे."

"हे असं सांगायचं?"

"हो सर. असंच."

थोड्याच वेळात सभागृहातल्या रेडिओवर पाठाऱ्यांचा आवाज आला. त्यांनी तिचे शब्द तसेच उच्चारले. शेवटच्या वाक्याला ते अडखळले, थांबले, आणि ते वाक्य त्यांनी परत एकदा म्हटलं.

सगळे बाहेर सड्यावर येऊन उभे राहिले. अंधारत चाललेल्या सह्याद्रीच्या रांगेवर, दूर दूर, वाड्यांमधून दिवे हलायला लागले होते. गाड्यांचे, विजेऱ्यांचे. ओळीओळीने ते खाली उतरत होते, सड्यांकडे, उघड्यावर. आईंनी हात जोडले. 

उत्तरेकडच्या एका उतारावरचे दिवे मात्र जागचे हलत नव्हते.

"ती फोंडवाडी," मागून दाजींचा आवाज आला. त्यांनी पागोटं काढलं होतं. डोळे सुजले होते. त्यांनी त्या स्थिर दिव्यांकडे पाहिलं. मग साटमांकडे वळले. "त्या बाजूक पूल लागणा नाय. गाडी काढ."

साटमांनी खिशातून चावी काढली. दाजी गाडीत चढले, आणि पायरीवरून मागे वळून त्यांनी शर्वाणीला हाक मारली.

"सूनबाई, तू पण चल. माझं नुसतं ऐकून ते उठायचे नाहीत. तुला बघितलं तर उठतील."

तिने आईंचा हात सोडला आणि गाडीकडे गेली.